मध्य न व्यापता मध्यावर हुकमत
ग्रुनफेल्ड बचाव आणि त्यामागचा विचार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बुद्धिबळाच्या एका सुरुवातीवर बोलणे काहींना विचित्र वाटेल. परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, इमारत निधी हे आपले नेहमीचे विषय, आणि ते महत्त्वाचे आहेतच. तरी आज तुमचा थोडा वेळ मी एका निराळ्या गोष्टीसाठी मागणार आहे. आपल्या मुलांपैकी पुष्कळजण हल्ली बुद्धिबळ खेळतात. कोणी पटावर खेळतो, कोणी मोबाईलवर. त्यांना दहा-दहा खेळ्या तोंडपाठ असतात. पण त्यातली अमुक खेळी का करायची असे विचारले की मुले गप्प होतात. त्या ‘का’साठी हे भाषण आहे. हे वाचताना शेजारी पट मांडून ठेवलात तर फार बरे.

घरांची नावे आधी सांगून टाकतो. पांढऱ्याच्या बाजूने पाहिले तर डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशा आठ उभ्या पट्ट्या, आणि खालून वर एक ते आठ अशा आडव्या रांगा. तेव्हा ई-४ म्हणजे ई पट्टीतले चौथे घर. डी-४, ई-४, डी-५ आणि ई-५ ही चार घरे म्हणजे पटाचा मध्य. आजची सारी कथा या चार घरांभोवती फिरते.

मध्याला इतके महत्त्व का, हे घोड्याला विचारावे. कोपऱ्यातल्या घोड्याला जायला दोनच घरे मिळतात, मध्यावरच्या घोड्याला आठ. उंटाचे आणि वजिराचेही बरेचसे तसेच आहे. शिवाय मध्यावरून राजाच्या बाजूला किंवा वजिराच्या बाजूला, दोन्हीकडे लवकर धाव घेता येते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टाइनिट्झने आणि त्याच्यानंतर जर्मनीच्या डॉक्टर टाराशने जो धडा घालून दिला तो असा : आपली प्यादी मध्यावर आणा, त्यांच्या आडोशाने मोहरे बाहेर काढा, किल्लेकोट करा, मग हल्ल्याचे बघा. टाराश हा नामांकित शिक्षक. त्याचा शब्द युरोपभर प्रमाण मानला जाई. हा धडा चुकीचा नाही, हे मी आत्ताच बजावून ठेवतो. नवशिक्याने पहिली दोन वर्षे याच धड्यावर काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर मध्य युरोपातल्या काही तरुण खेळाडूंनी या धड्याला आव्हान दिले. रिचर्ड रेटी, अॅरन निम्झोविच, ग्युला ब्रेयर, सावियली टार्टाकोवर आणि व्हिएन्नाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ही त्यांतली ठळक नावे. यांच्या पंथाला ‘हायपरमॉडर्न’, म्हणजे आधुनिकांच्याही पुढचे, हे नाव टार्टाकोवरने दिले. रेटीचे नव्या विचारांवरचे पुस्तक १९२२ साली आले, तर निम्झोविचचे ‘माझी पद्धती’ १९२५ साली. या मंडळींनी मध्याचे महत्त्व नाकारले असा एक गैरसमज आहे. त्यांना मध्य टाराशइतकाच हवा होता. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, मध्य ताब्यात ठेवायचा तर तिथे आपले प्यादे उभे असलेच पाहिजे का?

ते म्हणत, दुरून हुकमत ठेवता येते. बाजूच्या पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवा आणि त्याने मोकळ्या केलेल्या घरात उंट बसवा. जी-७ वर बसलेला काळा उंट एच-८ पासून ए-१ पर्यंतच्या लांब तिरक्या ओळीवर नजर ठेवतो. ई-५ आणि डी-४ ही मध्याची दोन घरे त्याच ओळीवर येतात. उंट बसला आहे कोपऱ्याजवळ, पण मारा चालू आहे मध्यावर. प्रतिपक्ष मध्यावर प्यादी आणत असेल तर आणू द्या. प्यादे मागे येत नाही. एकदा पुढे गेले की त्याचे रक्षण करत बसावे लागते. जितकी प्यादी पुढे, तितकी राखण जास्त. याचा पहिला मोठा गाजावाजा १९२४ साली न्यूयॉर्कला झाला. जगज्जेता कॅपाब्लांका १९१६ पासून आठ वर्षे एकही डाव हरला नव्हता. रेटीने त्याला एकतिसाव्या खेळीला राजीनामा द्यायला लावला, आणि डावाची सुरुवात केली होती मध्यावर प्यादे न टाकता घोडा एफ-३ वर काढून.

आता मुख्य विषयाकडे येतो. या पंथाचा सगळ्यात धीट नमुना म्हणून मी ग्रुनफेल्ड बचाव निवडला आहे. अर्न्स्ट ग्रुनफेल्डचा जन्म १८९३ सालचा. घरची गरिबी, आणि बालपणीच एक पाय गमावलेला. त्याने सुरुवातींचा जो अभ्यास केला त्याला त्या काळात तोड नव्हती. डाव आणि खेळ्या टिपून ठेवण्याचा त्याचा संग्रह प्रसिद्ध होता. १९२२ साली त्याने हा बचाव मोठ्या स्पर्धांत आणला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाला या बचावाने अलेखाइनला हरवले. पुढे जगज्जेता झालेला तोच हा अलेखाइन. चिडून त्याने आपला राजा खोलीपलीकडे भिरकावला, असे सांगतात.

खेळ्या अशा. पांढरा डी-४, काळा घोडा एफ-६. पांढरा सी-४, काळा जी-६. पांढरा घोडा सी-३, आणि इथे काळा प्यादे डी-५ वर ढकलतो. पांढऱ्याने ते मारले की काळा घोड्याने परत मारतो. पाचव्या खेळीला पांढरा ई-४ करून घोड्याला हुसकतो. घोडा मागे जात नाही, तो सी-३ वरचा घोडा मारतो. पांढरा बी पट्टीतल्या प्याद्याने तो घोडा उचलतो आणि काळा उंट जी-७ वर आणतो. इथे थांबा आणि पट नीट पाहा.

टाराशने हा पट पाहिला असता तर कपाळाला हात लावला असता. पांढऱ्याची तीन प्यादी सी-३, डी-४, ई-४ अशी भक्कम फळी धरून उभी आहेत. काळ्याचे मध्यावर एकही प्यादे नाही. काळ्याच्या घोड्याने तीन उड्या मारल्या त्या पांढऱ्याच्या एकाच उडीवर आलेल्या घोड्याशी अदलाबदल करायला, आणि ती करताना पांढऱ्याची फळी उलट मजबूत करून दिली. हिशेबाने पाहाल तर काळ्याचे नुकसानच नुकसान.

पण आता पुढच्या खेळ्या बघा. पांढरा उंट सी-४ वर काढतो, काळा सी-५ खेळतो. हा डी-४ वर पहिला धक्का. पांढरा घोडा ई-२ वर, काळा घोडा सी-६ वर, दुसरा धक्का. पांढरा दुसरा उंट ई-३ वर आणतो, काळा किल्लेकोट करतो, मग पांढराही किल्लेकोट करतो. डी-४ वर मारा कोणाकोणाचा आहे ते मोजा : सी-५ वरचे प्यादे, सी-६ चा घोडा, जी-७ चा उंट, आणि डी पट्टीतून खाली पाहणारा वजीर. चार. राखण कोणाची? सी-३ चे प्यादे, ई-२ चा घोडा, ई-३ चा उंट आणि डी-१ चा वजीर. चार. तराजू बरोबर तोलला आहे. पांढऱ्याची मोठी फळी उभी आहे खरी, पण तिच्या एका प्याद्यासाठी त्याचे तीन मोहरे अडकून पडले आहेत.

कोणी विचारील, पांढरा घोडा ई-२ सारख्या आडवळणाच्या घरात का काढतो, एफ-३ वर का नाही? कारण एफ-३ वर काढला तर काळा उंट जी-४ वर आणून त्या घोड्याला वजिरापुढे खिळवतो, आणि डी-४ चा एक पहारेकरी निकामी होतो. ई-२ वर असला तर जी-४ च्या उंटाला एफ-३ प्याद्याने हाकलता येते. पन्नास वर्षे घोड्याचे एफ-३ वर जाणे इथे कमी प्रतीचे समजत. त्याची पुढची हकीकत शेवटी सांगतो.

मग पांढऱ्याने फळी पुढे का नेऊ नये? नेता येते, पण किंमत द्यावी लागते. डी-५ केले तर जी-७ च्या उंटाची ओळ उघडते. वाटेत सी-३ चे प्यादे, त्याच्यामागे कोपऱ्यातला हत्ती. ई-५ केले तर उंट कोंडला जातो हे खरे. पण सी पट्टीतली प्यादी मारामारीत गेलेली असतील तर डी-५ चे घर पांढऱ्याच्या कोणत्याही प्याद्याच्या टप्प्यात राहत नाही, आणि काळ्याचा घोडा किंवा उंट तिथे कायमचे बिऱ्हाड करतो. म्हणून पांढरा बहुधा फळी आहे तिथेच ठेवून तिच्यामागे हत्ती, वजीर जमवतो आणि राजाच्या बाजूला हल्ला चढवतो. त्याच्याकडे जागा जास्त आहे, त्यामुळे हल्ला जोरकस होतो. काळ्याच्या बाजूने आणखी एक गुप्त ठेव आहे. सी पट्टीतली प्यादी गेल्यावर वजिराच्या बाजूला काळ्याची ए आणि बी अशी दोन प्यादी उरतात, पांढऱ्याचे एकच. मोहरे मारले जाऊन डाव शेवटाला आला तर हे जादा प्यादे धावत सुटते. म्हणजे मधल्या डावात पांढऱ्याला घाई, आणि काळ्याचे हित तग धरून राहण्यात.

हे झाले तंत्र. आता आपल्या देशाशी याचा जो खरा संबंध आहे तो सांगतो.

काळ्याने घोडा एफ-६ वर काढून केलेल्या अशा बचावांना सगळ्या जगात ‘इंडियन’ बचाव म्हणतात. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही नावे मुलांनी ऐकली असतील. या ‘इंडियन’ शब्दाचे मूळ कलकत्त्यात आहे. जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करी. तो युरोपातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक होता. १८४८ च्या सुमारास त्याला बंगालच्या खेड्यात महेशचंद्र बॅनर्जी हा खेळाडू भेटला. आसपास कोणी त्याला हरवू शकत नसे. कॉक्रेनने त्याला हरवले, पण त्याची कुवत ओळखून त्याला कलकत्त्याच्या क्लबात पगारावर आणले. दोघांमधले चारशेहून अधिक डाव आज उपलब्ध आहेत.

महेशचंद्र आपल्याकडच्या जुन्या नियमांवर वाढलेला. आपल्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. असे असले म्हणजे मध्यावर झेप घेणे मुळातच शक्य नसते. मग खेळाडू साहजिकच प्यादी एकेक घर सरकवून उंट बाजूच्या घरात बसवतो आणि मध्यावर दुरून मारा करतो. विलायती नियम शिकल्यावरही महेशचंद्रचा हात तसाच चालत राहिला. मे १८५५ मधला कॉक्रेनविरुद्धचा त्याचा एक डाव आहे. त्यात काळ्याकडून घोडा एफ-६, मग जी-६, मग डी-५, उंट जी-७, किल्लेकोट, घोड्याने सी-३ चा घोडा मारणे, सी-५, घोडा सी-६, उंट जी-४ असा क्रम आहे. मी मघाशी ग्रुनफेल्डच्या नावाने जे सांगितले तेच हे, त्याच्या सदुसष्ट वर्षे आधीचे! पुढे त्या डावात महेशचंद्र पांढऱ्याच्या हत्तीमागे लागला, एफ-७ वरच्या दुहेरी माऱ्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले, आणि अठराव्या खेळीला कॉक्रेनचा घोडा तिथे पडल्यावर तीन खेळ्यांत मात अटळ झाली. वजिराचा बळी देऊन, स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने केलेली ती मात पाहण्यासारखी आहे.

तर मग या बचावाला महेशचंद्रचे नाव हवे होते का? आपल्या सभांमधून ‘सगळे आपल्याकडेच होते’ असे बोलण्याची एक चाल आहे. टाळ्या मिळतात. मला ती चाल पसंत नाही, कारण ती अर्धसत्य सांगते. महेशचंद्रने या खेळ्या सवयीने केल्या. त्यांचा शास्त्रशुद्ध विचार, पांढऱ्याने ई-४ करून मोठी फळी उभी केली तर काय होते याची तपासणी, हे काम ग्रुनफेल्डचे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. १८८४ साली ‘इंडियन बचाव’ हे नाव छापलेले सापडते, त्यात माणसाचे नाव नाही, देशाचे आहे. उलट कॉक्रेनच्या नावाने एक गँबिट आजही ओळखले जाते. त्याचा पहिला ज्ञात डाव १८४८ सालचा आहे, आणि समोर बसला होता महेशचंद्रच. एकाच पटाच्या दोन बाजूंना बसलेले दोघे. एकाचे नाव पुस्तकात राहिले आणि दुसऱ्याचे अनेक वर्षे धड एका प्रकारे लिहिलेही गेले नाही. तो कसा विचार करी हे सांगणारी त्याच्या स्वतःच्या हातची एक ओळ आपल्याजवळ नाही. त्याचे डाव टिकले ते कॉक्रेनने टिपून ठेवले म्हणून.

टिपून ठेवण्याची परंपरा पूर्वेकडे नव्हती असे मात्र नाही. बगदादच्या अब्बासी काळात शतरंज हा दरबारी खेळ होता. नवव्या शतकातला अल-अदली आणि दहाव्या शतकातला अस-सूली यांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले. त्या खेळात वजीर तिरके एकच घर चाले, आणि आजच्या उंटाच्या जागी असलेला ‘फील’ तिरके दोन घरांवर उडी मारी. त्यामुळे सुरुवात संथ असे. दोघे खेळाडू आपापली रचना मांडून घेत आणि मग झुंज लागे. अशा ठरीव रचनांना ते ‘तअबिया’ म्हणत, म्हणजे रणांगणावरची मांडणी. त्यांना नावे असत. आज रशियापासून अमेरिकेपर्यंत कुठलाही ग्रँडमास्टर सुरुवातीतल्या परिचित स्थितीला ‘ताबिया’ म्हणतो, तो हाच शब्द. मघाशी डी-४ वरचे चार हल्लेखोर आणि चार पहारेकरी मोजले ना, ती स्थिती म्हणजे ग्रुनफेल्डची एक ताबियाच. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. लांब पल्ल्याचा उंट युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला. दोन घरे उडणाऱ्या फीलला जी-७ वर बसून मध्यावर हुकमत ठेवता आली नसती.

आपल्या नियमांवर वाढलेला दुसरा मोठा खेळाडू म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. सर उमर हयात खान टिवाणा यांच्या आश्रयाने तो १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. पहिल्या दहा-बारा खेळ्यांत तो बहुधा मागे पडे. तिथून पुढे त्याचा खेळ सुरू होई. १९३१ साली त्याने टार्टाकोवरला, म्हणजे ‘हायपरमॉडर्न’ हे नाव देणाऱ्यालाच, बारा डावांच्या सामन्यात हरवले. त्याआधी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कॅपाब्लांकाला पासष्ट खेळ्यांत नमवले. गंमत अशी की त्या डावात काळ्या बाजूने कॅपाब्लांका क्वीन्स इंडियन खेळला होता. म्हणजे इंडियन नावाचा बचाव क्यूबाचा माणूस खेळतो आहे आणि तो मोडतो आहे हिंदुस्थानचा माणूस! १९३३ च्या अखेरीस सुलतान खान मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा गेला. १९६६ साली तो वारला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली.

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच घराण्याच्या आश्रयाने इंग्लंडला गेलेल्या मिस फातिमाने १९३३ सालचे ब्रिटिश महिला अजिंक्यपद एकही डाव न हरता जिंकले होते. सुलतान खानचे नाव निदान बुद्धिबळवाल्यांना ठाऊक असते. फातिमाचे त्यांनाही नसते.

पुन्हा पटाकडे. हा बचाव यशस्वी झाला तर कसा दिसतो आणि फसला तर कसा, याचे एकेक उदाहरण घेतो.

यशाचे उदाहरण १९५६ सालचे, न्यूयॉर्कचे. तेरा वर्षांचा बॉबी फिशर काळ्या बाजूने, समोर डोनाल्ड बर्न. पांढऱ्याने डी-४, ई-४ अशी प्यादी उभी केली, पण वजीर आणि उंट फिरवण्यात वेळ घालवला आणि राजा मध्यावरच ठेवला. अकराव्या खेळीला फिशरने घोडा ए-४ वर टाकला, जिथे तो सरळ मारता येत होता. मारला असता तर दुसरा घोडा ई-४ चे प्यादे उचलून वजीर आणि उंट दोघांवर पडला असता. बर्नने मारला नाही, तरी दोन खेळ्यांनी ते प्यादे गेलेच. प्यादे गेल्यावर ई पट्टी उघडी झाली आणि तिच्या तोंडावर पांढऱ्याचा राजा उभा. सतराव्या खेळीला फिशरने वजीर सोडून दिला, त्याची दुप्पट वसुली केली, आणि एकेचाळिसाव्या खेळीला मात केली. लोक त्या वजीरबळीची वाखाणणी करतात. माझ्या मते शिकण्यासारखे आहे ते त्याआधीचे : मध्यावरची फळी मोठी होती, पण तिच्या मागे कोणी आले नाही.

अपयशाचे उदाहरण आपल्या विश्वनाथन आनंदचे. २०१० साली सोफियाला टोपालोवविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यातला पहिलाच डाव. मी वर दिलेल्या ताबियापर्यंत खेळ्या हुबेहूब त्याच. मग तेराव्या खेळीला टोपालोवने उंट एच-६ वर नेऊन जी-७ च्या उंटाशी अदलाबदल केली. ज्या मोहऱ्यावर या बचावाची सारी मदार, तोच पटावरून गेला. राहिले काळ्याचे राजाभोवतीचे भगदाड. आनंदच्या तयारीतल्या खेळ्यांचा क्रम उलटा-पालटा झाला. तेविसाव्या खेळीला राजा चुकीच्या घरी गेला, लगेच टोपालोवने घोडा एफ-६ वर फेकला, आणि तिसाव्या खेळीला डाव संपला. आनंदने पुढे तो सामना साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला, ही त्याची थोरवी. पण जगज्जेत्याचे पाठांतर सुद्धा अशा जागी दगा देते, तर आपल्या आठवीतल्या मुलाचे काय, हा विचार प्रत्येकाने करावा. या बचावात एक खेळी उशीर झाला तरी पांढऱ्याची फळी अंगावर कोसळते. ‘मध्य त्याला देऊन टाकला’ एवढेच लक्षात ठेवून जो आरामात बसतो, तो हायपरमॉडर्न खेळत नाही, नुसता आळस करतो.

पालक मला नेहमी विचारतात, यात अभ्यासाचे नुकसान नाही का? बुद्धिबळाने गणितात गुण वाढतात अशी हमी देणारे पुष्कळ भेटतात. मी ती देणार नाही. रात्र-रात्र मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारा मुलगा झोप घालवतो, आणखी काही मिळवत नाही. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी, समोर माणूस बसवून, तासाभराचा एक डाव खेळायचा, त्याच्या खेळ्या वहीत लिहायच्या, आणि घरी येऊन कुठे काय चुकले ते त्याच वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचे, असे जो मुलगा किंवा मुलगी करील त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वही दहा-वीस रुपयांची येते. संगणकाने चूक दाखवली तर पाहावी, पण आधी स्वतः लिहिल्यावर.

आता राहिलेली हकीकत सांगतो. सातव्या खेळीला पांढऱ्याने घोडा एफ-३ वर काढणे कमी प्रतीचे समजत, असे मी म्हणालो होतो. १९८० नंतरच्या दशकात ते मत बदलले. घोडा एफ-३ वर गेला, काळ्याने सी-५ केले, की पांढरा आठव्या खेळीला ए-१ चा हत्ती उचलून बी-१ वर ठेवू लागला. मोहरे बाहेर काढायचे सोडून हत्तीची ही खेळी का? जी-७ च्या उंटाच्या ओळीवर शेवटी कोण उभे होते ते आठवा. हत्ती तिथून निघाला की डी-५ ढकलताना पांढऱ्याची एक काळजी कमी होते, आणि हत्ती बी पट्टीतून बी-७ कडेही पाहतो. पण हत्ती गेल्यामुळे ए-२ चे प्यादे उघडे पडते. काळा किल्लेकोट करतो, पांढरा उंट ई-२ वर आणतो, डी-४ वर प्याद्यांची मारामारी होते, काळा वजीर ए-५ वरून शह देतो, पांढरा उंट डी-२ वर आडवा घालतो, आणि वजिराला ए-२ चे प्यादे फुकट मिळते. काळ्याला एक प्यादे जास्त, पांढऱ्याचा मध्य शाबूत आणि काळ्याचा वजीर घरापासून लांब.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ही स्थिती पटावर मांडावी. दोघांनी बसावे, एकाने पांढरा घ्यावा, एकाने काळा, आणि डाव संपल्यावर बाजू बदलून पुन्हा खेळावे. काळ्याने ते प्यादे घ्यायला हवे होते की नको, हे वहीत कारणांसह लिहून पुढच्या महिन्यात मला दाखवावे.